तालुक्याच्या दुकानानं मोबाईल कामाला कसा लावायचा

मराठवाड्यात धंदा करणाऱ्याची स्पर्धा आता फक्त समोरच्या दुकानाशी राहिलेली नाही. मोठ्या साखळी दुकानांच्या शाखा जिल्ह्याच्या गावी आल्या आहेत आणि मोबाईलवर मागवलेलं पार्सल तालुक्यापर्यंत घरपोच येतं. त्यांच्याकडं भांडवल आहे, घाऊक खरेदीचा भाव आहे. त्यांच्यापेक्षा तुमच्याकडं एकच गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख. कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, कोणाचं सोयाबीन निघालं, कोणती उधारी उशिरा येते पण बुडत नाही, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. अडचण एवढीच की ते सगळं तुमच्या डोक्यात असतं. तुम्ही लग्नाला गेलात आणि गल्ल्यावर पोरगा बसला, की त्या दिवशी दुकानाला ती ओळख नसते.

ही ओळख डोक्यातून नोंदीत आणायची आणि ती वापरून सेवा द्यायची, एवढ्यासाठी तंत्रज्ञान घ्या. नव्यानं सुरू करणारे बहुतेक जण आधी वेबसाइट बनवून घेतात किंवा इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर पैसे घालतात. माझ्या मते ती शेवटची कामं आहेत. खाली दिलेला क्रम पाळा, आणि एक काम अंगवळणी पडल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

आधी उधारीची वही

आपल्याकडं पैसा वर्षभर सारखा फिरत नाही. जूनमध्ये बी-बियाणं आणि खतात शेतकऱ्याची रोकड संपते, तेव्हा किराणा, कापड, हार्डवेअर सगळीकडं उधारी चढते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन मोंढ्यावर गेलं की वसुली होते, जानेवारीनंतर तुरीचा पैसा येतो, उसाचं बिल कारखाना काढेल तेव्हा. त्यामुळं मराठवाड्यातल्या दुकानदाराची सगळ्यात मोठी मालमत्ता आणि सगळ्यात मोठा धोका एकाच वहीत असतो. मोबाईल आधी तिथं लावायचा.

खाताबुकसारखी उधारीचा हिशेब ठेवणारी अ‍ॅप मराठीत चालतात. ती नको असतील तर गुगल शीट्स पुरेसं आहे. रकाने मोजके ठेवा: तारीख, नाव, गाव, मोबाईल, दिलेला माल, रक्कम, जमा, बाकी. गावाचा रकाना गाळू नका, कारण एकाच नावाची चार माणसं चार गावांत असतात आणि घोळ तिथंच होतो.

जुनी वही सगळीच्या सगळी उतरवत बसू नका. ते काम अर्ध्यावर सुटतं आणि मग नवीन नोंदीही मागं पडतात. एका ठरावीक तारखेची प्रत्येकाची फक्त बाकी घ्या आणि तिथून पुढं नोंद करा. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला असा निरोप पाठवा:

«रामराम भाऊ. आजपासून दुकानाचा हिशेब मोबाईलवर ठेवतोय. आपल्या खात्यावर आज ४,३५० रुपये बाकी दिसतात. शेवटची जमा १२ तारखेला १,००० रुपये. काही चुकलं असेल तर सांगा, वही बघून दुरुस्त करू.»

या निरोपात पैसे मागितलेले नाहीत, ते मुद्दाम. पहिला निरोप फक्त आकड्यावर दोघांची सहमती व्हावी म्हणून आहे. वसुलीच्या वेळी भांडण होतं ते बहुतेकदा «एवढे कसे झाले?» या प्रश्नावरून. त्या प्रश्नाचं उत्तर महिना-दोन महिने आधीच गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये पडलेलं असेल तर बोलणं सोपं जातं. प्रत्यक्ष वसुली मात्र तोंडीच करा. अ‍ॅपमधून आपोआप जाणारे «त्वरित भरणा करा» छापाचे निरोप बंद ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या घराला तसला निरोप गेला, तर ते घर रोखीनं दुसऱ्या दुकानात जायला लागतं.

वीज आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून गल्ल्यात एक कच्ची वही राहू द्या. दिवसभराच्या नोंदी तिच्यात, आणि शटर ओढायच्या आधी मोबाईलवर. बिलासाठी दोन इंची ब्लूटूथ थर्मल प्रिंटर बॅटरीवर चालतो, पण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. पंखा, मोटार, मिक्सर अशा वॉरंटीच्या वस्तूचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. वर्षभरानं गिऱ्हाईक वॉरंटीसाठी येईल तेव्हा बिल दोघांकडं असेल.

पैसे घेताना

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आता चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड दिसतो. तरी नव्या दुकानदारानं सुरुवातीलाच काही गोष्टी नीट लावून घ्याव्यात.

धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं काढा आणि क्यूआर व्यापारी म्हणून नोंदवा. मुलाच्या वैयक्तिक नंबरचा कोड काउंटरवर चिकटवू नका. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा खूप गोंधळ उडाला होता. धंद्याचे, भावाकडून आलेले, भिशीचे पैसे एकाच खात्यात असतील तर धंद्याची जमा नेमकी किती हे दाखवणं अवघड जातं. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, सेवा देणाऱ्याला २० लाखांची. आपण कुठं आहोत हे खातं वेगळं असलं की बँकेच्या उताऱ्यावर आणि गल्ल्याच्या नोंदीवर लगेच कळतं.

गिऱ्हाइकाकडून पैसे बँक खात्यात घेण्याचा एक फायदा अनेकांना माहीत नसतो. छोट्या धंद्याला आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. तिच्यात उलाढालीच्या ८ टक्के नफा धरला जातो, पण बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गानं आलेल्या रकमेवर तो ६ टक्केच धरतात. बँक खात्यातून खात्यात येणाऱ्या यूपीआय रकमेवर दुकानदाराला शुल्कही नाही. क्रेडिट कार्ड किंवा वॉलेट जोडून आलेल्या रकमेचे नियम वेगळे आहेत, ते बँकेत विचारून घ्या.

फसवणुकीचं सांगायलाच हवं. गर्दीच्या वेळी कोणी «गेले बघा» म्हणून स्क्रीन दाखवतो आणि ती स्क्रीन खोट्या अ‍ॅपची असते. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. आवाज देणारा डबा बोलला किंवा स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसली, तरच माल द्यायचा. सकाळी दुकान उघडलं की आपला कोड आपलाच आहे ना, हे एकदा स्कॅन करून बघा. बाहेर लावलेल्या कोडावर दुसऱ्याचा कोड चिकटवण्याचे प्रकार घडतात. आणि काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला, घरातल्या आजीसकट, हे पाठ करून द्या: पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. तरीही फसलात तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

नकाशावर दुकान

गुगलवर दुकानाचं प्रोफाइल फुकट काढता येतं आणि आपल्या भागात त्याचा फायदा मोठा आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी वेरूळचं घृष्णेश्वर, परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ इथं आहेत, तुळजापूरची भवानी आहे, नांदेडचा हुजूर साहिब आहे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी आहेत. तिथं येणारी माणसं बाहेरगावची असतात. त्यांना तुमच्या वडिलांची पुण्याई माहीत नसते, त्यांच्या हातात नकाशा असतो. जेवण, टायर पंक्चर, औषधाचं दुकान, मुक्काम, प्रसादाचे पेढे, हे ते तिथंच शोधतात.

प्रोफाइल काढताना दुकानाचं नाव पाटीवर आहे तसंच टाका, मराठीत आणि इंग्रजीतही. प्रकार नेमका निवडा: नुसतं «दुकान» नको, «मिठाईचं दुकान», «शेती अवजारं» असं. गुगल पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं. त्यात रस्ता, पाटी आणि शटरचं कुलूप उघडताना तुम्ही, असं सलग दाखवा. पत्त्यात खूण लिहा. आपल्याकडं पत्ता खुणेवरूनच कळतो: जुन्या मोंढ्यासमोर, बसस्थानकाच्या मागच्या फाटकाजवळ.

मग वेळा. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान लवकर उघडत असाल, नवरात्रात रात्रभर चालू ठेवत असाल, तर ते तिथं बदला. नकाशावर «उघडं» वाचून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर तो वाईट अभिप्राय लिहून जातो. अभिप्राय समाधानी गिऱ्हाइकाकडून मागून घ्या, त्यात संकोच नको. पण विकत घेऊ नका, आणि नातेवाइकांना एकाच दिवशी पंचवीस लिहायला लावू नका, ते काढून टाकले जातात. वाईट अभिप्रायाला शांतपणे, नावानिशी उत्तर द्या. पुढचा वाचणारा तुमचं उत्तर वाचतो.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस

हे अ‍ॅप फुकट आहे आणि मराठवाड्यातल्या धंद्यासाठी वेबसाइटपेक्षा जास्त उपयोगाचं आहे, असं मी ठामपणे म्हणेन. इथलं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आहे, बोलून निरोप पाठवतं आणि फोटो पाठवून «हे आहे का?» विचारतं.

दुकानासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. कॅटलॉगमध्ये वस्तू टाका आणि किंमत लिहा. «भावासाठी फोन करा» लिहिलं की निम्मी माणसं फोन करत नाहीत. फोटो दिवसाउजेडी, साध्या रंगाच्या कापडावर काढा. पत्ता, वेळ, क्यूआर अशी रोजची उत्तरं झटपट उत्तरांत भरून ठेवा. चॅटला लेबल लावा: «माल द्यायचा», «पैसे यायचे», «चौकशी». संध्याकाळी «चौकशी» लेबल उघडून प्रत्येकाला एक ओळ लिहिली, तरी विक्रीत फरक पडतो. टाइप करायला वेळ लागत असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात.

ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट यादी करा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. कापड किंवा ब्यूटी पार्लरच्या धंद्यात बायकांना ते चालत नाही, आणि चालू नयेच. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात आणि निरोप त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे. म्हणून बिल देताना «नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळवतो» एवढं म्हणा. यादी एकच नको. गाव, धंदा, गरज पाहून वेगळ्या याद्या करा. तुषार सिंचनाचे पाइप आले हे शिक्षकांना कळवून उपयोग नाही.

वस्तूची खरी पारख दाखवता आली, तर मोठं दुकान तुमच्यापुढं टिकत नाही. पैठणचं उदाहरण घ्या. यंत्रमागाची साडी पैठणी म्हणून सगळीकडं विकली जाते आणि फोटोत दोन्ही सारख्याच सुंदर दिसतात. हातमागावर विणलेल्या पैठणीचा पदर मात्र उलट्या बाजूनंही जवळपास तसाच दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागून सुटे, आडवे गेलेले धागे असतात. विणकरानं पदर उलटा करून, मोराच्या नक्षीवरून बोट फिरवत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला, तर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला किंमत का जास्त आहे ते समजतं. तुमच्याही मालात असा उलटा पदर कुठला, तो शोधा. खव्याचा दाणा असेल, डाळीचा तुकडा असेल, फर्निचरचा सांधा असेल.

निरोप लिहायला चॅटजीपीटी, जेमिनाय या एआय अ‍ॅपची मदत जरूर घ्या, मराठी बऱ्यापैकी येतं. पण पाठवण्याआधी भाव, वजन, तारीख स्वतः तपासा. खाण्याच्या वस्तूबद्दल ते «मधुमेह बरा होतो» असलं काही लिहून देतात, ते खोडा. अन्नपदार्थावर असे दावे करणं कायद्यानं गुन्हा आहे.

तालुक्याबाहेर विकायचं असेल तर

वसमतची हळद, कुंथलगिरीचा खवा, लातूर भागातली बोरसुरी तूरडाळ, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केशर आंबा, या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे त्या भागाच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, नावाला किंमत आहे. फक्त ते मानांकन आपल्या पाकिटावर छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. मानांकन ज्या संस्थेच्या नावावर आहे, तिथं चौकशी करा.

पाकीटबंद खाद्यपदार्थाला अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क लेबलवर पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारपेठेवर राज्याच्या आत वस्तू विकता येतात. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

पण आधी कागदावर हिशेब मांडा. समजा हळदपुडीचं अर्ध्या किलोचं पाकीट तुम्ही ऑनलाइन बाजारपेठेवर २२० रुपयांना ठेवलं. माल आणि दळण ८५, पाकीट-लेबल १०, खोका १०, कुरिअर ६०, बाजारपेठेचं कमिशन २५, परत आलेल्या पार्सलांचा वाटा १०. झाले २००. राहिले २० रुपये, आणि त्यात तुमची मजुरी यायची आहे. आता तीच हळद जुन्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवरून दोन किलो द्या, पाकीट २०० रुपयांनी. चार पाकिटांचे ८०० आले. माल ३४०, पाकिटं ४०, खोका २०, कुरिअर १३०, एकूण ५३०. राहिले २७०. गिऱ्हाइकाला स्वस्त पडलं आणि तुम्हाला पाकिटामागं साडेसदुसष्ट रुपये सुटले. आकडे तुमच्या मालाचे वेगळे असतील, मांडणी हीच ठेवा.

म्हणून बाजारपेठेवरची विक्री नवीन माणसाला तुमची चव कळावी यासाठी करा, आणि कमाई वर्षाची हळद-तिखट एकदम भरणाऱ्या घरांकडून. असं घर शोधायचं तर पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्याच गावच्या लोकांपासून सुरुवात करा. त्यांना इथल्या मालाची पारख असते आणि दिवाळीला आले की ते दुकानात येऊन पैसे देतात. पैसे आधी, पार्सल नंतर, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. पोचल्यावर पैसे घेण्याच्या पार्सलांत परत येणारी फार असतात आणि जाण्या-येण्याचा खर्च तुमच्या अंगावर पडतो. कुरिअर जात नाही तिथं टपाल खात्याचं स्पीड पोस्ट जातं.

नोंदीतून खरेदी ठरवणं

वर्षभर नोंद झाली की अ‍ॅप महिन्याचे तक्ते दाखवतं. ते जसेच्या तसे धरू नका. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला. दोन्ही वर्षांचे ऑक्टोबर शेजारी ठेवलेत तर धंदा बसल्यासारखा दिसेल आणि तुम्ही चुकीच्या वेळी माल कमी भराल. तुलना सणाशी करा: दिवाळीआधीचे १५ दिवस त्या वर्षीचे आणि या वर्षीचे. अधिक महिन्याचंही तसंच. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. या महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळं बस्त्याचं कापड थंड. पण जावयाचं वाण असतं, म्हणून चांदीची भांडी, अनारशाचं पीठ, लेक-जावयाचे कपडे जोरात. शीटमध्ये तारखेशेजारी «सण/सुगी» असा एक रकाना वाढवा, हे सगळं त्यात बसतं.

दुसरी गोष्ट शोधायची ती पडून राहिलेल्या मालाची. सहा महिन्यांत एकदाही न विकलेल्या वस्तूंची यादी काढा. किती पैसा त्यात अडकला हे बघून बहुतेक दुकानदार हादरतात. तो माल खरेदीच्या भावात काढा, आलेली रोकड सुगीच्या मालात घाला.

वाळूज, शेंद्रा, लातूर, नांदेडच्या एमआयडीसीत कंपन्यांना सुटे भाग किंवा सेवा पुरवत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. ती सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकानं होते आणि पूर्ण मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवा पुरवठादारांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी आयकरात धरता येतो. निव्वळ व्यापाऱ्यांना हा लाभ नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, लेखा विभाग तो बघतो.

चाव्या कोणाकडे

गुगलचं प्रोफाइल, अ‍ॅपचं खातं, ऑनलाइन बाजारपेठेचं लॉगिन, हे सगळं दुकानाच्या नावानं काढलेल्या एकाच ईमेलवर आणि दुकानाच्या सिमवर ठेवा. भाच्यानं किंवा दुकानातल्या पोरानं स्वतःच्या ईमेलवर काढून दिलं असेल तर आजच मालकी बदलून घ्या. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला की तुमचे अभिप्राय आणि गिऱ्हाइकं दोन्ही अडकतात. व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि बॅकअप रोज रात्री होईल असं ठेवा. महिन्यातून एकदा उधारीची यादी कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवा. सिमचं रिचार्ज संपू देऊ नका, बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. पासवर्ड एका वहीत लिहून ती घरातल्या अजून एका माणसाला दाखवून ठेवा, आणि वर्षातून एकदा त्या माणसाला स्वतः लॉगिन करून बघायला लावा.